डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजनचा एकच बदल शिल्लक आहे, वापरू का?

पानगळ

नमस्कार मंडळी,

बाहेरून जोडायचा एक डीव्हीडी ड्राइव्ह घेतला आहे, वापरलेला. कॉम्प्युटरवर विंडोज आहे आणि सोबत एक विकतचा व्हिडिओ प्लेअर. घरात डिस्क बऱ्याच आहेत. बहुतेकींच्या खोक्यावर रीजन ५ (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी काढली त्याचा आकडा) लिहिलंय, काहींवर १, आणि माहितीपटांचा एक संच २ चा आहे. ५ वाली एक डिस्क घातली तर प्लेअरने खिडकी उघडली: डिस्कचा रीजन ड्राइव्हशी जुळत नाही, बदलायचा का? त्याखाली लिहिलं होतं, सध्याचा रीजन १, शिल्लक बदल १. ती खिडकी मी "रद्द करा" दाबून बंद केली. त्यानंतर काहीच केलेलं नाही.

हा बदल वापरला तर पुढे काय होतं? विंडोज पुन्हा टाकलं की आकडा परत ५ होतो (म्हणजे शिल्लक बदलांचा) असं एका ठिकाणी वाचलं, ते खरं का? आणि तिन्ही रीजनच्या डिस्क एकाच कॉम्प्युटरवर बघायचा काही मार्ग आहे का? सगळ्या डिस्क पैसे मोजून घेतलेल्या, मूळ आहेत. त्या बघताच येऊ नयेत हे मनाला पटत नाही.

खटपट्या

पानगळ, रद्द केलंत ते उत्तम. तो बदल आत्ता अजिबात वापरू नका. शिल्लक आकडा शून्य झाला की शेवटी जो रीजन लावलात तो त्या ड्राइव्हला कायमचा चिकटतो.

विंडोज पुन्हा टाकून आकडा परत येत नाही. तो ड्राइव्हच्या आतल्या मेमरीत असतो. ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, मॅकला लावा, लिनक्सला लावा, आकडा तोच दिसेल. तुमच्या बाबतीत आधीच्या मालकाने बदल वापरून टाकलेत आणि ते ड्राइव्हसोबत तुमच्याकडे आलेत.

या ड्राइव्हना आरपीसी-२ म्हणतात. १ जानेवारी २००० पासून बनलेल्या ड्राइव्हना ही पद्धत बंधनकारक झाली. वापरणाऱ्याला रीजन ५ वेळा बदलता येतो. बनवणारी कंपनी हा मोजणी-आकडा आणखी ४ वेळा पूर्ववत करू शकते, म्हणजे कागदोपत्री एकूण २५ बदल. पण ती सोय कंपनीच्या हातात, आपल्या नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

त्याआधीचे आरपीसी-१ ड्राइव्ह रीजन बघतच नसत. तेव्हा सगळी तपासणी प्लेअर आणि विंडोज करायचे.

आता मुख्य मुद्दा. रीजन एका जागी नसतो. डिस्कवर एक खूण असते, ड्राइव्हमध्ये एक सेटिंग असतं, आणि प्लेअर स्वतःची वेगळी तपासणी करतो. "डिस्क चालत नाही" म्हणजे या तिघांपैकी कुणीतरी अडवतंय. कोण अडवतंय ते कळल्याशिवाय ड्राइव्हचा बदल खर्च करणं म्हणजे हातचं घालवणं. तुम्हाला आत्ता अडवलंय ते प्लेअरने. ड्राइव्हने नकार दिलाय का हे अजून आपल्याला माहीतच नाही.

कोराकागद

>> विंडोज पुन्हा टाकलं की आकडा परत ५ होतो

रजिस्ट्रीतली (विंडोज आपली सेटिंग्ज साठवतं त्या जागेतली) एक नोंद पुसली की होतं असं मीही वाचलं होतं. एका ठिकाणी तर एक छोटं सॉफ्टवेअरही दिलं होतं, ते आकडा पुन्हा ५ वर आणतं म्हणे. मग ते सगळं खोटं का?

खटपट्या

खोटं नाही, जुनं आहे. आरपीसी-१ च्या काळात ड्राइव्ह मोजत नसे, म्हणून विंडोज आणि प्लेअर आपापला आकडा कॉम्प्युटरवर साठवून ठेवायचे. तो आकडा रजिस्ट्रीत किंवा कुठल्याशा लपवलेल्या फाइलमध्ये असायचा, आणि पुसता यायचा. ती सॉफ्टवेअरं त्या आकड्यासाठी होती. लोक ते सल्ले अजून पुढे पाठवत असतात, पण आरपीसी-२ ड्राइव्हवर त्यांचा काही उपयोग नाही. अनोळखी ठिकाणचं सॉफ्टवेअर मशीनवर चढवलं जातं, तो धोका वेगळाच.

ड्राइव्हमध्ये खरा आकडा किती ते बघायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, डीव्हीडी ड्राइव्हवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे "डीव्हीडी रीजन" असा टॅब असतो. तिथला आकडा थेट ड्राइव्हला विचारून आलेला असतो. टॅब उघडून नुसतं बघितलं तर काही बिघडत नाही. देशाच्या यादीला मात्र हात लावू नका, आणि बाहेर पडताना "ओके" ऐवजी "कॅन्सल".

उत्तररात्र

खटपट्यांशी पूर्ण सहमत. पानगळ, पुढची पायरी सांगतो: व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर टाका आणि तीच डिस्क त्यात लावून बघा.

कारण असं. विकतचा प्लेअर परवाना घेऊन बनलेला असतो. डिस्कवरची रीजनची खूण आणि ड्राइव्हचं सेटिंग जुळलं नाही तर त्याला थांबावंच लागतं. व्हीएलसी ती खूण बघत नाही. डिस्कवरचा मजकूर ज्या सीएसएस पद्धतीने गुंतागुंतीचा केलेला असतो, तो उलगडण्याचं काम त्यात लिबडीव्हीडीसीएसएस नावाची लायब्ररी करते. ती आधी ड्राइव्हकडे रीतसर किल्ली मागते. रीजन जुळत नाही म्हणून ड्राइव्हने किल्ली नाकारली, तर ती डिस्कवरचाच मजकूर वाचून किल्ली हिशेबाने शोधून काढते. सीएसएसची किल्ली फक्त ४० बिटांची आहे, त्यामुळे आजच्या मशीनला हे जड नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. परक्या रीजनची डिस्क पहिल्यांदा लावली की व्हीएलसी काही वेळ गप्प बसतो. खिडकी काळी, ड्राइव्ह जोरात फिरतोय, मेन्यू येत नाही. लोक याच वेळी वैतागून बंद करतात. तेव्हा किल्ल्या शोधणं चालू असतं. सापडल्या की त्या एका फोल्डरमध्ये जपून ठेवल्या जातात, आणि तीच डिस्क पुन्हा लावली की चटकन सुरू होते. तेव्हा पहिल्या खेपेला दम धरा.

पण सगळे ड्राइव्ह हे करू देत नाहीत. काही ड्राइव्ह, विशेषतः लॅपटॉपमधले पातळ, रीजन जुळल्याशिवाय गुंतवलेला भाग वाचूनच देत नाहीत. मग हिशेब करायला मजकूरच हाती येत नाही. तुमचा ड्राइव्ह कुठल्या जातीचा ते करून बघितल्यावरच कळेल.

निंबोणी

मॅकवाल्यांसाठी: डिस्क घातल्याबरोबर मॅकचा स्वतःचा डीव्हीडी प्लेअर उघडतो आणि रीजन बदलण्याची खिडकी समोर आणतो. घाईत "सेट" दाबलं गेलं की एक बदल गेला. सेटिंग्जमध्ये "सीडी आणि डीव्हीडी" नावाचा भाग आहे. तिथे व्हिडिओ डीव्हीडी घातल्यावर काय करायचं ते ठरवता येतं. ते "दुर्लक्ष करा" वर ठेवा किंवा थेट व्हीएलसी निवडा. ड्राइव्ह जोडल्यावर पहिलं काम हे.

विंडोजवरही असंच आपोआप सुरू होणं बंद करून ठेवणं बरं. विंडोज ८ पासून मीडिया प्लेअर डीव्हीडी चालवतच नाही, पण टाकलेला एखादा विकतचा प्लेअर डिस्क दिसताच उडी मारतो.

पानगळ

सर्वांचे आभार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघितलं, तिथेही रीजन १ आणि शिल्लक १ असंच आहे. नंतर व्हीएलसीमध्ये डिस्क लावून बघितल्या. निकाल असा:

रीजन १ च्या सगळ्या चालल्या. ते अपेक्षितच.

रीजन २ चा माहितीपटांचा संच, जो विकतच्या प्लेअरने साफ नाकारला होता, तो व्हीएलसीत लगेच चालला. काहीच थांबावं लागलं नाही.

खोक्यावर ५ लिहिलेल्यांपैकी काही लगेच चालल्या, अगदी विकतच्या प्लेअरमध्येसुद्धा, खिडकी न येता. काही मात्र व्हीएलसीतही चालत नाहीत. बराच वेळ वाट बघितली, शेवटी डिस्क वाचता येत नाही असा संदेश.

मला हे कोडं सुटत नाही. ड्राइव्ह १ वर आहे, २ आणि ५ दोन्ही परके. मग २ चालतो, ५ मधल्या काही चालतात आणि काही नाहीत, हे कसं?

उत्तररात्र

छान नोंदी दिल्यात, यावरून बरंच कळतं.

माहितीपटांच्या संचावर बहुधा सीएसएस लावलेलंच नाही. रीजनची खूण आणि सीएसएस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. काही प्रकाशक खूण टाकतात पण मजकूर गुंतवत नाहीत. आरपीसी-२ ड्राइव्ह अडवतो तो किल्ली देण्याच्या टप्प्यावर. किल्लीच लागत नसेल तर ड्राइव्हला अडवायला जागाच उरत नाही, तो डिस्क साधी फाइल असल्यासारखी वाचून देतो. अडवत होता तो फक्त विकतचा प्लेअर, खूण बघून. व्हीएलसीला त्या खुणेशी देणंघेणं नाही, म्हणून लगेच चालली.

५ मधल्या ज्या चालत नाहीत त्यांच्यावर सीएसएस आहे आणि तुमचा ड्राइव्ह कडक जातीचा आहे असं दिसतंय. खात्री करायची असेल आणि हाताशी लिनक्स असेल तर डिस्क लावल्यानंतरच्या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदी बघा. ड्राइव्ह नकार देताना कारणाचा कोड सांगतो. ६एफ/०४ म्हणजे डिस्कचा रीजन ड्राइव्हच्या रीजनशी जुळत नाही. ६एफ/०३ म्हणजे ओळख पटवल्याशिवाय गुंतवलेला भाग वाचायचा प्रयत्न झाला. हे कोड दिसले तर दोष डिस्कचा नाही, ओरखड्यांचा नाही, लेन्सचा नाही. डिस्क खराब झाली समजून लोक चांगल्या डिस्क टाकून देतात, त्याचं फार वाईट वाटतं.

५ मधल्या ज्या प्लेअरमध्येही चालल्या, त्यांच्यावर खोक्यात ५ छापलेलं असलं तरी डिस्कवर सर्व रीजनला परवानगी असणार. याबद्दल जाणकारांनी अधिक लिहावं.

बारकावा

लिहितो. खोक्यावरच्या गोलातला आकडा छापणाऱ्याने छापलेला असतो, डिस्कवर काय आहे ते वेगळं असू शकतं. खरी खूण स्वतः बघता येते आणि त्यासाठी ड्राइव्हचा एकही बदल लागत नाही.

डिस्क लावा, व्हिडिओ-टीएस फोल्डर उघडा, त्यातली त्याच नावाची आयएफओ फाइल (व्हिडिओ-टीएस डॉट आयएफओ) कॉम्प्युटरवर कॉपी करा. या फाइलवर सीएसएस नसतं, त्यामुळे परक्या रीजनच्या डिस्कवरूनही ती कॉपी होते. मग ती कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा. सुरुवातीलाच उजवीकडे "डीव्हीडीव्हिडिओ-व्हीएमजी" अशी रोमन अक्षरं दिसतील. ती दिसली म्हणजे बरोबर फाइल उघडली.

आता एका ओळीत १६ बाइट दिसत असतील तर तिसऱ्या ओळीतला चौथा बाइट बघा. म्हणजे हेक्समध्ये २३ क्रमांकाची जागा, आपल्या मोजणीत ३५. तिथे असलेला आकडा म्हणजे कुठल्या रीजनला बंदी आहे त्याची यादी. आठ बिट, आठ रीजन. बिट १ असेल तर त्या रीजनला बंदी, ० असेल तर परवानगी. रीजन १ चा बिट सगळ्यात उजवीकडे.

त्यामुळे एफई असेल तर फक्त रीजन १. एफडी असेल तर फक्त २. ईएफ असेल तर फक्त ५. एफ५ म्हणजे २ आणि ४ दोन्ही, आणि ही जोडी बऱ्याच डिस्कवर सापडते. ईडी असेल तर २ आणि ५. आणि ०० असेल तर कुणालाच बंदी नाही. "रीजन शून्य" किंवा "ऑल" म्हणतात ते हेच. शून्य नावाचा वेगळा रीजन नसतो, बंदीच्या यादीत कुणी नसतं एवढंच.

पानगळ, तुमच्या ५ वाल्या सगळ्या डिस्कचा हा बाइट बघून एका कागदावर उतरवून काढा. शेवटचा बदल वापरायचा की नाही याचं उत्तर त्या कागदातून मिळेल.

रानवाट

बारकावा, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. इतक्या सोप्या शब्दांत हे कुठे वाचलं नव्हतं.

माझा एक वेगळा अनुभव आहे, त्याचा उलगडा व्हावा. ड्राइव्ह रीजन ५ वर, विकतचा प्लेअर. खोक्यावर १ लिहिलेली एक डिस्क घातली. रीजन बदला अशी खिडकी आलीच नाही. डिस्क सुरू झाली, आणि पडद्यावर जगाचा नकाशा आणि इंग्रजीत मजकूर, की ही डिस्क तुमच्या प्लेअरवर चालणार नाही. आता हे कुणी अडवलं? ड्राइव्हने तर वाचली.

बारकावा

हे डिस्कने स्वतः अडवलं. याला आरसीई म्हणतात, २००० च्या सुमारास आलं. घरगुती प्लेअर लोक "सर्व रीजन" करून घेत होते, त्यावर केलेला हा तोडगा. अशा डिस्कवर खुणेचा बाइट सर्वांना परवानगी देणारा असतो, म्हणून ड्राइव्ह आणि प्लेअर दोघेही तिला आत घेतात. मग डिस्कच्या मेन्यूतला छोटा प्रोग्राम प्लेअरला विचारतो, तू कुठल्या रीजनचा? प्लेअरमध्ये यासाठी राखीव जागा असते, सिस्टिम रजिस्टर क्रमांक २०. तिथे १ चं मूल्य नसेल तर तो नकाशा.

ओळखायची खूण अशी: नकाराची खिडकी प्लेअरच्या रंगरूपातली असेल, त्यात बटणं असतील, तर अडवणारा प्लेअर किंवा ड्राइव्ह. नकाराचं चित्र सिनेमाच्या जागी, पूर्ण पडद्यावर, डिस्कमधूनच आलेलं असेल तर अडवणारी डिस्क. ड्राइव्हचा बदल खर्च करण्याआधी हा फरक ज्याने त्याने बघावा.

लिनक्सवरच्या झाइन प्लेअरमध्ये यासाठी सेटिंग आहे. मीडिया विभागात डीव्हीडीखाली, प्लेअरने स्वतःला १ ते ८ पैकी कुठल्या रीजनचा म्हणवून घ्यायचं ते तिथे ठरतं. सुरुवातीला तिथे १ असतो. हे कितीही वेळा बदला, मोजणी नाही, कारण ते निव्वळ सॉफ्टवेअरपुरतं आहे. ड्राइव्हच्या सेटिंगशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

व्हीएलसीमध्ये दुसरा उपाय. डिस्क उघडण्याच्या खिडकीत "डिस्क मेन्यू नको" अशी चौकट असते, तिथे खूण करून उघडा. मग डिस्कमधला तो प्रोग्राम चालवलाच जात नाही, थेट चित्रफीत सुरू होते. कुठल्या टायटलमध्ये मुख्य भाग आहे ते मात्र आपणच शोधायचं. सहसा सगळ्यात लांब असतं ते.

रानवाट

मेन्यू नको करून उघडली, चालली! मनापासून आभार. इतकी वर्षं ती डिस्क कपाटात पडून होती.

धांडोळा

या सगळ्यात एक जण पॅल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धतींचं विचारेल म्हणून आधीच लिहितो. तो रीजनचा भाग नाही. पॅल डिस्कवर ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससीवर ४८० ओळी आणि सुमारे २९.९७. जुन्या टीव्हीला हा फरक झेपत नसे. कॉम्प्युटरवर दोन्ही चालतात, कुठलंही सेटिंग लागत नाही.

रीजनांची यादी कुणी दिली नाही, देऊन ठेवतो. १ अमेरिका आणि कॅनडा. २ युरोप, जपान, मध्यपूर्व, दक्षिण आफ्रिका. ३ आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग. ४ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, लॅटिन अमेरिका. ५ भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग. ६ चीन. ७ राखीव. ८ विमानं आणि पर्यटक जहाजांसाठी.

कोराकागद

पण हे केलंच कशासाठी? आणि व्हीएलसी वापरणं कायद्यात बसतं का?

धांडोळा

सिनेमे तेव्हा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी थिएटरात लागत. एका देशात डिस्क आली आणि दुसऱ्या देशात सिनेमा अजून लागायचाच असेल, तर डिस्क तिकडे जाऊ नये, आणि प्रत्येक बाजारात वेगळी किंमत ठेवता यावी, हा हेतू. डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आली, अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये, आणि रीजन सुरुवातीपासून सोबत होते.

कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं संरक्षण ओलांडण्यावर बंदी आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या कॉपीराइट कायद्यांत मात्र संरक्षणाच्या व्याख्येतून रीजनसाठीची अडवणूक वगळली आहे, म्हणजे विकत घेतलेली परदेशी डिस्क बघण्यासाठी रीजन ओलांडला तर तो संरक्षण तोडल्याचा गुन्हा ठरत नाही. नॉर्वेत जॉन लेक योहान्सन याच्यावर सीएसएस उलगडणाऱ्या १९९९ च्या डीसीएसएस प्रोग्रामवरून खटला झाला. २००३ मध्ये तो निर्दोष सुटला, अपिलातही. आपण जिथे राहतो तिथला कायदा ज्याने त्याने बघून घ्यावा. विकत घेतलेली डिस्क आपल्याच घरात बघणाऱ्याला चोर म्हणणं मला स्वतःला कधीच मान्य झालेलं नाही.

वीजवाहक

एवढा खटाटोप करण्यापेक्षा ड्राइव्हचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) बदला. आरपीसी-१ केलेलं फर्मवेअर मिळतं. ते चढवलं की रीजनचा विषयच संपला.

खटपट्या

काही जुन्या मॉडेलसाठी मिळायचं, हे खरं. पण पानगळ यांना हा सल्ला मी देणार नाही. फर्मवेअर नेमक्या मॉडेलचं आणि नेमक्या आवृत्तीचं लागतं. बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हमध्ये डब्यावर एक नाव आणि आत दुसऱ्याच कंपनीचा ड्राइव्ह असतो, त्यामुळे चुकीची फाइल चढण्याची शक्यता जास्त. आणि मध्येच केबल हलली तर ड्राइव्ह उघडझाप करणारा ट्रे होऊन बसतो, डिस्क ओळखतच नाही. नंतरच्या बऱ्याच ड्राइव्हसाठी असं फर्मवेअर कधी बनलंच नाही. ज्याच्याकडे फेकायचा ड्राइव्ह आहे त्याने प्रयोग जरूर करावा.

लिनक्सवाल्यांसाठी एक चांगलं साधन आहे, रीजनसेट. ते चालवलं की ड्राइव्हची अवस्था स्पष्ट सांगतं: रीजन लावलेलाच नाही, लावलेला आहे, शेवटची संधी, की कायमचा. शिवाय वापरणाऱ्याचे किती बदल शिल्लक आणि कंपनीचे किती, हेही. वापरलेला ड्राइव्ह विकत घेताना विकणाऱ्याकडून ही माहिती, किंवा विंडोजच्या त्या टॅबचा फोटो, आधी मागून घ्यावा. कुणी मागत नाही, पण मागायला हवा.

निंबोणी

ब्लू-रेचं कुणी सांगेल का? माझ्याकडे दोन्ही आहेत.

उत्तररात्र

ब्लू-रेचं नेमकं उलट आहे. तिथे रीजन तीनच: ए, बी, सी. ए मध्ये अमेरिका खंड, जपान, कोरिया. बी मध्ये युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. सी मध्ये भारत, चीन, रशिया. आणि तपासणी ड्राइव्ह करत नाही, प्लेअर सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे ब्लू-रेसाठी ड्राइव्हमध्ये काही लावायचं नसतं. विकतचे प्लेअर बदलांची मोजणी स्वतःकडे ठेवतात. व्हीएलसीमध्ये सगळी सेटिंग्ज उघडून ब्लू-रेच्या भागात रीजनची निवड आहे, न सांगता ती बी वर असते. तिथे मोजणी नाही. पण ब्लू-रेवरचं एएसीएस संरक्षण ४० बिटांचं नाही. त्याच्या किल्ल्या वेगळ्या द्याव्या लागतात, व्हीएलसी त्या शोधून काढू शकत नाही. म्हणून रीजन जुळूनही ब्लू-रे चालली नाही तर ती अडचण वेगळी.

४के ब्लू-रेवर रीजन नाहीतच.

पानगळ

बारकावा यांनी सांगितल्याप्रमाणे आयएफओ फाइल काढून बाइट उतरवले. पहिल्या एक-दोन डिस्कना वेळ लागला, नंतर हात बसला. खोक्यावर ५ असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर चक्क ०० निघालं! त्या तशाही चालत होत्या. खऱ्या ईएफ असलेल्या थोड्याच आहेत, आणि व्हीएलसीत अडतात त्या नेमक्या त्याच. एका डिस्कवर ईडी आहे. माहितीपटांच्या संचावर एफडी. रीजन १ च्या सगळ्यांवर एफई.

म्हणजे या थोड्या डिस्कसाठी शेवटचा बदल वापरून ड्राइव्ह कायमचा ५ वर न्यायचा, तर १ वाल्या अडकतील, कारण ड्राइव्ह कडक आहे. बरोबर समजतेय ना?

खटपट्या

अगदी बरोबर. त्या ड्राइव्हला १ वरच राहू द्या. शेवटचा बदल न वापरता पडून राहिला तर काही नुकसान नाही. तो कालबाह्य होत नाही.

५ साठी दुसरा साधा यूएसबी ड्राइव्ह घ्या, नवा. दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवता येतात, विंडोज प्रत्येकाचा रीजन वेगळा धरतं, आणि व्हीएलसीत डिस्क उघडताना कुठला ड्राइव्ह ते निवडता येतं. दोन्हींवर रीजनचा आकडा लिहून चिकटवा, म्हणजे घरातल्या इतरांनाही कळेल. एकाहून जास्त रीजनचा साठा असलेल्याला माझा हाच सल्ला असतो.

उत्तररात्र

+१. आणि नवा ड्राइव्ह आला की रीजन लावण्याआधी त्यात १ वाली सीएसएसची एक डिस्क व्हीएलसीमध्ये लावून बघा. थोडं थांबून चालली तर तो ड्राइव्ह सैल जातीचा आहे, मग कदाचित काहीच लावावं लागणार नाही. आणि तसं असेल तर मॉडेलचं नाव इथे जरूर लिहा, इतरांना उपयोग होईल.

पानगळ

नवा ड्राइव्ह मागवते आहे. हा सैल निघाला नाही तर रीजन ५ लावायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये देश निवडून "ओके" एवढंच ना?

बारकावा

एक गोष्ट आधी. त्या वेळी ड्राइव्हमध्ये डिस्क असावी लागते, आणि ती त्याच रीजनची. नाहीतर विंडोज रीजन लावता आला नाही असा संदेश देतं. तुम्ही ईएफ लिहिलेल्यांपैकी एक घाला. ०० वाली किंवा ती ईडी वाली नको. ॲडमिनच्या खात्यातून करा, त्या वेळी विकतचा प्लेअर पूर्ण बंद ठेवा, आणि "ओके" दाबण्याआधी खिडकीतला नवा रीजन ५ आहे ना ते एकदा वाचा. देशाच्या यादीत एक ओळ खालीवर झाली की दुसराच रीजन निवडला जातो.